पणजीचं माहेर

मी एक जुना तारेचा ब्रश आहे. मित्रांनो, आता माझ्या तारा वाकड्या झाल्यात, पण एके काळी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत सीमाताईंच्या घरी माझा मोठा तोरा होता. कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात आलो. करपलेलं पातेलं असो की मागच्या अंगणातल्या फरशीवरचं शेवाळ, मलाच हाक. "हा माझा उजवा हात आहे," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या आणि मी फुशारून जायचो.

सीमाताईंचे यजमान डेक्लन मूळचे आयरिश. त्यांची लेक तनिषा घराण्याचा शोध घेत होती. डेक्लनच्या पणजीचं नाव ब्रिजेट, एवढंच ठाऊक होतं. माहेरचं आडनाव काही मिळेना. जुने कागद कधीच जळाले होते. मग कळलं, ब्रिजेटला जिथे पुरलं त्या गावात थडग्यावर बायकांचं माहेरचं आडनावही कोरत. डेक्लन आजारी, म्हणून मायलेकीच उत्तर आयर्लंडमधल्या त्या खेड्यात गेल्या. थडगं साफ करावं लागेल म्हणून सीमाताईंनी मलाही पिशवीत टाकलं.

थडग्यावर शेवाळाचा जाड थर होता. खाली अक्षरं जेमतेम जाणवत होती.

"मम्मी, आधी क्विकली फोटो घेऊ?" तनिषाने विचारलं.

"अगं, असला ओंगळ फोटो बाबाला पाठवायचा? दिवाळीला देव घासतो ना आपण, तसं लख्ख करू. मग नमस्कार, मग फोटो."

सीमाताईंनी जीव लावून घासलं. मीही चेव आल्यासारखा चाललो. पण तो दगड ठिसूळ होता. पाणी ओतलं, तेव्हा शेवाळाबरोबर अक्षरंही वाळू होऊन वाहून गेली. वर 'ब्रिजेट' उरलं, खाली सगळं सपाट.

"मम्मी, नाव गेला," तनिषा एवढंच म्हणाली.

तेवढ्यात डेक्लनचा फोन आला. "सापडलं का?"

 सीमाताई रडतच म्हणाल्या, "तुझ्या पणजीचं माहेर मी माझ्या हाताने पुसलं रे."

डेक्लन त्यांना एका शब्दानेही बोलले नाहीत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मी शेडमध्ये पडून असतो, आणि तेच बरं. मित्रांनो, जुन्या वस्तूला हात लावण्याआधी तिला काय सोसेल ते बघा. माया असली तरी बघा. ब्रिजेट कोणाची लेक होती, हे आता जगात कोणालाच सांगता येणार नाही.