चष्म्याची डावी दांडी

तिनं चष्मा उलटा धरला आणि बारीक स्क्रूड्रायव्हर डाव्या दांडीच्या बिजागरीत टेकवला. या महिन्यातली ही पाचवी वेळ.

"परत ढिला झाला बघ," काउंटरपलीकडून आजी म्हणाल्या. "वाचायला बसलं की नाकावरून घसरतोच मेला!"

आतल्या खोलीत मालक यंत्रावर भिंगं घासत होते. त्यांनी सकाळीच बजावलं होतं, "त्या स्क्रूआजी आल्या तर आज स्पष्ट सांगून टाक. नवी फ्रेम घ्या, नाहीतर दुसरं दुकान बघा. आपण काय गप्पांचा अड्डा उघडलाय?"

घाई तिलाही होती. पाळणाघरात लेक दाराकडे डोळे लावून बसली असेल.

"आजी, हे बघा..." म्हणत तिनं चष्मा दिव्याखाली धरला आणि थांबली. स्क्रूच्या डोक्यावर ताजे ओरखडे होते. तिच्या हत्याराचे नव्हेत. कुणीतरी कसल्यातरी बोथट पात्यानं तो उलटा फिरवला होता.

तिनं वर पाहिलं. आजींनी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"काय गं? काय झालं?"

तिला आठवलं, झोपवताना लेक तीन-तीनदा पाणी मागते. हातातला पेला दरवेळी तसाच भरलेला राहतो.

"काही नाही," ती म्हणाली. स्क्रू घट्ट पिळला, काचा सावकाश पुसल्या. मग काउंटरला वळसा घालून बाहेर आली आणि आजींच्या कानांवरच्या बटा मागे सारून चष्मा स्वतः चढवला. आजींनी डोळे मिटून घेतले. दांड्या नीट बसल्या तरी उघडले नाहीत.

"दर गुरुवारी चारला येत जा. तेव्हा गर्दी नसते. मी बघत जाईन."

"आणि स्क्रू ढिला नसला तर?"

"तरी यायचं."

 आजींनी पर्स उघडून नखं घासायची छोटी कानस काढली आणि काउंटरवर ठेवली.

"मग ही राहू दे तुझ्याकडेच. घरी उगाच हाताला लागते."

आतलं यंत्र थांबलं.

"सांगितलंस का गं त्यांना?" मालकांनी विचारलं.

"हो, सांगितलं," ती म्हणाली आणि कानस ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.