समासातली ओळ

डॉक्टरांनी वैशालीच्या हातात कागद आणि पेन दिलं आणि नाव-पत्ता लिहायला सांगितलं. तिने लिहिला. नाव, इमारतीचा नंबर, वर्तकनगर, ठाणे, अगदी पिनकोडसुद्धा. अक्षर नेहमीसारखंच, गोल आणि सुटं. शेजारी उभ्या असलेल्या महेंद्रच्या जिवात जीव आला.

"आता हेच मला वाचून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

वैशालीने कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, हळूच, "हे मराठीतच आहे ना?"

तिला येऊन गेलेला मेंदूचा झटका लहान होता. हात-पाय शाबूत होते, बोलणं शाबूत होतं. डोळेही धड होते, पण दिसलेली अक्षरं ओळखणारी मेंदूतली जागा गेली होती. ती लिहू शकत होती, स्वतः लिहिलेलं वाचू शकत नव्हती. असं क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले. थोडंफार परत येईल, सगळं येईल असं सांगता येत नाही.

दुसऱ्या कुणाला झालं असतं तर निभावलं असतं. पण वैशाली वाचणारी बाई होती. तिचे वडील सखाराम दर सहा डिसेंबरला दादरहून येताना पिशवी भरून पुस्तकं आणायचे, तेव्हापासूनची सवय. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं नोकरी केली, पण जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं तिने कुणाला दिली नाहीत. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातल्याशिवाय ती पहिलं पान उघडायची नाही. कॉलनीतल्या बायका तिच्याकडे पुस्तक मागायला यायच्या तेव्हा ती आधी विचारायची, "घरी काय चाललंय सध्या?" आणि मग कपाटाकडे जायची. समोरच्या शेवंतीचा नवरा गेला तेव्हा तिने तिला हिमालयातल्या पायी प्रवासाचं पुस्तक दिलं होतं. "दुःखातल्या माणसाला लगेच दुःखाचं पुस्तक देऊ नये," ती म्हणाली होती. "आधी जरा चालू द्यावं त्याला."

महेंद्र यातलं काही वाचत नसे. त्याने आयुष्यभर शहरात बस चालवली होती. पेपरातल्या बातम्या आणि बसवरच्या पाट्या, एवढंच त्याचं वाचन.

दवाखान्यातून आल्यावर वैशाली कपाटासमोर खुर्ची टाकून बसू लागली. पुस्तक काढायची, मांडीवर ठेवायची, परत ठेवायची. आठवडाभर महेंद्रने ते पाहिलं. डोंबिवलीहून मुलगा प्रशांत आला तेव्हा त्याने आईच्या मोबाईलवर ऐकायची पुस्तकं घालून दिली. तिने दोन दिवस ऐकली आणि बंद केली.

"तो माणूस फार घाईत वाचतो," ती म्हणाली. "मला थांबायचं असतं तिथे तो थांबतच नाही."

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर महेंद्रने विचारलं, "तुझं सगळ्यात आवडतं कुठलं? मी वाचतो."

"तुम्ही?"

"अगं, अक्षरओळख आहे मला."

तिने कपाटातल्या वरच्या कप्प्यातलं, कडा झिजलेलं एक पुस्तक दाखवलं. धरणात गाव बुडालेल्या एका शाळेच्या बाईंची ती कादंबरी होती. ही तिने कधी कुणाला वाचायला दिली नव्हती.

महेंद्र बोट ठेवून वाचायचा. जोडाक्षर आलं की गाडी अडायची. स्वल्पविरामाला थांबायचा नाही आणि भलतीकडेच श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी वैशाली दोनदा चिडली, एकदा हसली. तरी रोज चार वाजले की ती खुर्ची ओढून बसायची. वाटेत कुठे कुठे पेन्सिलीने ओळी अधोरेखित केलेल्या असायच्या. "इथे खूण आहे," तो सांगायचा. ती म्हणायची, "परत वाचा तेवढं."

नवव्या की दहाव्या दिवशी कादंबरीतल्या बाई बुडालेल्या गावाच्या काठावर येतात, तिथपर्यंत ते पोचले. महेंद्र वाचत होता, "पाण्याखाली माझी वाट होती, आणि पाय अजून त्याच वाटेने निघत होते. रचना आज सात वर्षांची झाली असती. हे ड्यूटीवर."

वाचून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय वाचलं ते. त्याचं बोट छापील ओळ संपल्यावर तसंच पुढे समासात गेलं होतं. तिथे बारीक पेन्सिलीने ते लिहिलेलं होतं. खाली तारीख होती, नऊ फेब्रुवारी पंच्याण्णव.

रचना त्यांची मुलगी. कोपरीला चाळीत राहत होते तेव्हाची. मेंदूज्वराने तीन दिवसांत गेली. प्रशांत तेव्हा तीन वर्षांचा होता. चौथ्या दिवशी महेंद्र कामावर हजर झाला होता, आणि त्यानंतर घरात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. तीस वर्षं.

महेंद्रने पुस्तक मिटलं नाही.

"मी लिहिलेलं विसरले होते," वैशाली म्हणाली.

"मला वाटायचं, तू तिलाच विसरलीस," महेंद्र म्हणाला. "कामावरून आलो की तू पुस्तकात डोकं घालून बसलेली. मला वाटायचं, हिला बरं आहे. हिला जायला जागा आहे."

"वाचत नव्हते मी."

"म्हणजे?"

"वर्षभर हे एकच पुस्तक धरून बसलेले. तुम्ही आलात की पान उलटायचे. नाहीतर तुम्ही काहीतरी विचाराल, आणि मी ओरडेन, अशी भीती वाटायची." तिचा आवाज चढला. "चौथ्या दिवशी गेलात तुम्ही! पोरीचे कपडे दोरीवर वाळत होते अजून."

"हो. गेलो."

"का?"

"ते कपडे कोण काढणार, म्हणून गेलो," तो म्हणाला. "मला हात लावता आला नसता. तिच्या वाढदिवसालाही मी डबल ड्यूटी मागून घ्यायचो. दरवर्षी. साहेबांना वाटायचं, मेहनती माणूस आहे."

वैशाली रडली. तो उठून तिच्याजवळ गेला नाही, त्याला ते कधी जमलं नव्हतं. पण खुर्चीवरून हललाही नाही. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि विचारलं, "अजून कुठे लिहिलंय का बघा."

त्याने एकेक पान उलटून पाहिलं. आणखी पाच ठिकाणी होतं. कुठे नुसती तारीख, कुठे एखादा शब्द. एका पानावर लिहिलं होतं, "आज तिचा आवाज आठवेना." ते त्याने वाचलं, आणि पुढचं वाचायला त्या दिवशी त्याच्याने झालं नाही.

त्या रविवारी प्रशांत आला. महेंद्रने लोखंडी पेटीतून एक फोटो काढून ठेवला होता. शाळेच्या गणवेशातली मुलगी, एक वेणी सुटलेली. प्रशांतला आपल्याला बहीण होती एवढंच माहीत होतं. लहानपणी एकदा त्याने विचारलं होतं तेव्हा दोघंही उठून वेगवेगळ्या खोल्यांत गेले होते. पुन्हा त्याने विचारलं नव्हतं.

आता त्याने फोटो हातात घेतला.

"मला ओळखायची का ती? म्हणजे, माझ्याशी खेळायची?"

"खेळायची? अरे, खाली ठेवायची नाही तुला," वैशाली म्हणाली. "तुला उचलून अख्ख्या चाळीत फिरायची. स्वतःच एवढीशी. दोघं पडाल म्हणून मी ओरडायचे."

"दोनदा पडलेले," महेंद्र म्हणाला.

"दोनदा? मला एकदाचंच माहीत आहे."

"दुसऱ्यांदा मी होतो घरी. हनुवटीला खोक पडलेली याच्या. आईला सांगू नका म्हणाली, म्हणून उंबऱ्याला अडखळला एवढंच सांगितलं तुला."

प्रशांतने नकळत हनुवटीला हात लावला. वैशाली नवऱ्याकडे बघत राहिली.

"आणखी काय काय सांगितलं नाहीत?" तिने विचारलं, आणि तो सांगू लागला.