बाकदार पात्यांची कातर

सासऱ्यांचं सायकलच्या कुलपांचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक पटवायची त्यांची रीत ठरलेली होती. तारेचं जाडजूड कुलूप काउंटरवर धरायचं, सुनेच्या हाती बोल्ट कटर द्यायचा आणि म्हणायचं, "लाव जोर, सूनबाई!" सून अंगातलं सगळं बळ लावी. कटरच्या बोथट तोंडात तारा चेपत, पिंजारत, पण तुटत नसत. गिऱ्हाईक खूश. जाडी बहुतेक प्लॅस्टिकची आहे आणि आतला पीळ पेन्सिलीहून बारीक, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. असा पीळ कापायची खरी कातर सासरे खणात कुलूपबंद ठेवत. तिची बाकदार पाती पीळ कवेत घेत आणि एका दाबात तोडत.

सून नदीपलीकडे नर्सिंग शिकत होती. तिकडे बस जात नसे, ती सायकलनं जाई. आज दुपारी शेवटची परीक्षा. ती मागच्या दारी आली, तर सायकल नव्हती. खांबापाशी नुसतं कुलूप पडलेलं.

तिनं ते उचललं. काप गोल, साफ. एकही तार पिंजारलेली नाही.

"चोरानं नेली वाटतं," सासरे दारातून म्हणाले.

"चोराला तुमच्या खणाची किल्ली कुणी दिली, बाबा?"

"अक्कल आहे तुला. म्हणून तर दुकानात हवीस. परक्यांची ढुंगणं धुवायला नाही आणली तुला. चल, गिऱ्हाईक आलंय."

एक बाई मुलीच्या सायकलसाठी कुलूप बघत होत्या. सासऱ्यांनी बोल्ट कटर पुढे केला. सुनेनं तो बाजूला सारला, घाईत उघडा राहिलेल्या खणातून कातर काढली आणि दाबली. कुलपाचे दोन तुकडे झाले.

"सगळी अशीच आहेत," ती म्हणाली. आवाज थरथरत होता. "फसू नका, ताई."

सासऱ्यांनी दोन्ही तुकडे काउंटरखाली ढकलले. मग खो खो हसले.

"बघितलंत? माझीच सून, माझाच माल! इतकं खरं बोलणारं दुकान दुसरं दाखवा." त्यांनी फळीवरून कडक पोलादाचं, अंगठ्याएवढ्या दांड्याचं कुलूप उतरवलं. "आता हे काप."

पाती दांड्यावरून घसरली आणि दंतुर झाली. दांड्यावर ओरखडा नाही. बाईंनी तेच महागाचं कुलूप घेतलं, आणि जाताना सुनेचा हात प्रेमानं दाबला.

नदीपलीकडे पेपर वाटून झाले असतील. सून काउंटरखालचे तुकडे वेचत होती.

"नवी कातर आणतो," सासरे म्हणाले. "उद्यापासून रोज असंच करायचं. आणि तो थरथरता आवाज ठेव. छान वाटतो."