तिसऱ्या केंद्राची साक्ष

संचालिकाबाई सभागृहात आल्या तेव्हा निरीक्षक शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून महासागराच्या मधोमध एक पांढरी चकती डकवीत होता. चकती तसूभर उजवीकडे गेली होती. त्याने ती नखाने उचलली, मागे झुकून अंतर पाहिले आणि पुन्हा बसवली.

"माशांना तेवढा फरक कळणार आहे का?" बाईंनी खालून विचारले.

"माशांना नसेल कळत. नकाशाला कळतो."

भिंतभर पसरलेला जगाचा तो नकाशा दरवर्षी वर्षअखेरीस भूकंप वेधशाळेच्या सभागृहात लागे. वेधशाळा एक दिवस गावाला खुली होई आणि त्या वर्षातले मोठे भूकंप निरीक्षक छडी हातात घेऊन समजावून सांगे. नुसती जमीन हलवून गेलेल्या भूकंपाला पांढरी चकती, माणसे घेऊन गेलेल्याला लाल. नकाशावर यायचे तर धक्का मोठा तरी हवा किंवा त्याने निदान एक जीव तरी घेतलेला हवा. हा नियम त्याचाच होता आणि त्याला अपवाद करावा असे आजवर कोणी त्याला पटवू शकले नव्हते. यंदा वर्ष समुद्रतळाशी सुरू झाले होते. मग डोंगरातले एक गाव, मग एक बेट, उन्हाळ्यात वाळवंटाची कड. पृथ्वीने कुठलाच ऋतू मोकळा सोडला नव्हता.

"यंदा मुख्य भाषण तुमच्या साडूंचं ठेवावं असं ठरतंय," बाई म्हणाल्या. "नकाशा तुम्हीच सांगा, दहा मिनिटांत. मग ते बोलतील. लोकांना ढिगाऱ्यातून माणूस कसा काढतात ते ऐकायचं असतं हो. तुमच्या रेषा म्हणजे..."

"समजलं."

"वाईट नाही ना वाटून घेतलंत?"

"घरचाच माणूस आहे," निरीक्षक म्हणाला आणि चकत्यांच्या डबीचे झाकण फिरवू लागला. ते कधीच घट्ट बसले होते, तरी तो फिरवीत राहिला.

साडू बचाव पथकाचा प्रमुख होता. पृथ्वीच्या पाठीवर कुठेही जमीन हलली की पहिली खबर निरीक्षकाला लागे. जागा, खोली, जोर, सारे तो निश्चित करी आणि त्याच्याच शब्दावर पथक निघे. पण परतल्यावर विमानतळावर हार साडूच्या गळ्यात पडे. डोंगरातल्या गावी त्याने एक तान्हे मूल ढिगाऱ्यातून जिवंत काढले, तेव्हा त्याचा धुळीने माखलेला चेहरा सर्व वर्तमानपत्रांत झळकला. त्या दिवशीचे त्याचे शिरस्त्राण आता निरीक्षकाच्याच घरात, त्याच्याच मुलीच्या टेबलावर होते. निरीक्षकाने तिला पूर्वी एक उत्तम भिंग दिले होते. ते त्या शिरस्त्राणाखाली दबलेले त्याने एकदा पाहिले. उचलून बाजूला ठेवावे असे वाटूनही त्याने हात लावला नाही.

रविवारी साडू आणि मेहुणी चहाला आली. साडू नेहमीप्रमाणे आतली आरामखुर्ची नाकारून दाराजवळच्या स्टुलावर बसला. आपल्याला केव्हाही बोलावणे येऊ शकते हे चारचौघांना दिसावे म्हणून हा उंबऱ्यापाशी बसतो, असे निरीक्षकाचे फार दिवसांचे आणि ठाम मत होते.

"काका, भाषणात त्या बाळाची गोष्ट सांगायचीच," मुलगी म्हणाली. "पहिल्या रांगेत बसणार आहे मी."

गेल्या दोन वर्षी तिला परीक्षेचा अभ्यास होता, हे निरीक्षकाला आठवले.

"भावोजी, तुमचं आपलं बरं आहे," मेहुणी हसत म्हणाली. "धरणी हलली तरी तुम्ही खुर्चीत. आमचे हे मात्र ताटावरून उठायचे."

"खुर्चीतून उठायलासुद्धा यांना दोन केंद्रांची परवानगी लागते," त्याची बायको म्हणाली.

"तीन," निरीक्षक म्हणाला.

सगळे हसले. त्याने विनोद केला नव्हता. निरनिराळ्या ठिकाणच्या तीन केंद्रांनी साक्ष दिल्याखेरीज कोणताही धक्का वेधशाळेच्या दप्तरी खरा मानला जात नसे. एका केंद्राशेजारून मालगाडी गेलेली असू शकते, दुसऱ्यापाशी सुरुंग उडालेला असू शकतो; तिघे मिळून खोटे बोलत नाहीत. साडू तेवढा हसला नव्हता. तो कपातल्या चहाकडे टक लावून पाहत होता आणि कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी साडू वेधशाळेत आला.

"दार उघडंच राहू द्या," तो म्हणाला आणि उभाच राहिला. "साडूभाऊ, एक काम होतं. घरात बोलायचं नव्हतं."

"भाषणाचं?"

"त्याच्या आधीचं. डोंगरातल्या त्या गावी मूल काढलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दिवशी दुपारी शेजारच्या घराखाली एक बाई होती. आवाज येत होता तिचा. दमलेला, पण येत होता. आम्ही आडवं भुयार खणत होतो. हातभर राहिलं असेल. तेवढ्यात मला वाटलं, जमीन हलली. मी शिट्टी मारली, पोरं बाहेर काढली." त्याने खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. "परत आत गेलो तेव्हा आवाज नव्हता."

"मागाहूनचे धक्के येतातच. माणसं बाहेर काढलीत ते योग्यच केलंत."

"पण दुसऱ्या कुणालाच तो जाणवला नाही. पोरांच्या हातात ड्रिल होती, त्यांना कळलं नसेल, असं ती म्हणतात. माझी समजूत काढायला म्हणत असतील. तेव्हापासून मला घरातसुद्धा जमीन हललीशी वाटते. तुमच्याकडे चहा पितानाही." तो किंचित हसला. "एवढंच सांगा. त्या दुपारी जमीन हलली होती की माझे पाय?"

निरीक्षकाने त्या दुपारचे आलेख पडद्यावर आणले. गावाजवळचे केंद्र मुख्य धक्क्यातच कोसळले होते. पलीकडच्या खोऱ्यातल्या केंद्राची रेषा दूरच्या समुद्राच्या लाटांच्या नित्य गुणगुणीने थरथरत होती आणि त्या थरथरीत, साडूने सांगितलेल्या सुमारास, एक बारीक टोक वर उठले होते. त्याच्या पाठोपाठ आणखी एक, थोडे रुंद; भूकंपाच्या लाटा अशाच जोडीने येतात. अननुभवी डोळ्याला ते दिसलेही नसते. त्याने दुसऱ्या केंद्राची रेषा तिच्याखाली लावली. तिथेही तीच जोडी होती, अंतराच्या हिशेबाने जितकी मागे असायला हवी तितकीच मागे.

साडू पडद्याकडे पाहत नव्हता. निरीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहत होता. आजवर त्या माणसाने आपल्याकडे असे कधी पाहिले नव्हते, हे निरीक्षकाच्या ध्यानात आले. आणि ते पाहणे संपू नये असेही त्याला, स्वतःच्या नकळत, वाटून गेले.

"दोन ठिकाणी काहीतरी दिसतं आहे," तो सावकाश म्हणाला. "पण तिसरी नोंद आमच्यापाशी नाही. नक्की सांगता येणार नाही."

"म्हणजे नव्हता."

"नव्हता असं मी म्हटलं नाही. होता असं म्हणता येत नाही, एवढंच."

"तुमच्या शास्त्रात त्यात फरक असेल, साडूभाऊ. भुयाराच्या तोंडाशी नसतो." साडूने खिडकीवरचा हात काढून घेतला. "पण तुम्ही खोटं बोलणार नाही म्हणूनच आलो होतो. मॅडमना सांगा, भाषण मला जमणार नाही. बाळाची गोष्ट सांगायची आणि ही गिळायची, हे तोंड वर करून होणार नाही माझ्याच्यानं."

तो गेल्यावर निरीक्षक बराच वेळ स्वतःशी वाद घालीत बसला. तो खोटे बोलला नव्हता. उच्चारलेले प्रत्येक वाक्य कोणत्याही न्यायासनापुढे टिकले असते. नियम तीन केंद्रांचा होता आणि नोंदी दोन होत्या. त्या डोंगरापलीकडच्या खाणीत खाणवाल्यांचे एक स्वतःचे यंत्र आहे आणि मागितली तर ते नोंद देतात, हे त्याने सांगितले नव्हते. पण तसे कोणी विचारलेही नव्हते. युक्तिवादात कुठे फट नव्हती. तरीही तो पुन्हा पहिल्या वाक्यापाशी येई आणि पुन्हा तपासू लागे.

भाषण त्याच्याकडे परत आले. बाईंनी हळहळ व्यक्त केली, मग कार्यक्रमपत्रिका बदलली.

"काका बोलणार नाही?" मुलीने विचारले.

"नाही. मी बोलणार आहे."

"हो का," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मग मी यायलाच पाहिजे का?"

वर्षाचा शेवटचा मोठा भूकंप त्याच आठवड्यात झाला. सकाळची वेळ होती. दूरच्या एका बंदराखाली जमीन फाटली आणि निरीक्षकाच्या पडद्यावर रेषा एकामागून एक उधळल्या. त्याने जागा ठरवली, खोली ठरवली, बचाव पथकाला दूरध्वनी केला. पलीकडून जो आवाज आला तो साडूचा नव्हता.

दुपारी जेवायला तो घरी आला तेव्हा मेहुणी स्वयंपाकघरात बसली होती. तिच्यापुढचे पाणी तसेच होते.

"गेलेच नाहीत," ती बहिणीला सांगत होती. "पिशवी भरून दारात ठेवली होती मी. म्हणाले, ज्याला आपले पाय कळत नाहीत त्यानं दुसऱ्याला खड्ड्यात उतर म्हणू नये. अंगणात खुर्ची टाकून बसलेत, ताई. घरात यायला तयार नाहीत. छप्पर नको म्हणतात डोक्यावर." मग निरीक्षकाला पाहून तिने पदराने तोंड पुसले. "भावोजी, तुमचं ऐकतात ते. एकदा बोला ना त्यांच्याशी. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं म्हणतात नेहमी."

निरीक्षकाने दाराजवळच्या त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिले. ताटावर बसला, आणि न जेवताच उठला.

खाणीच्या अभियंत्याने तासाभरात नोंद पाठवली. "मागेच दिली असती की," तो दूरध्वनीवर म्हणाला, "तुम्ही कधी मागितलीच नाहीत." तिसऱ्या रेषेवर ती जोडी इतकी स्वच्छ उठली होती की भिंगाचीही गरज नव्हती. निरीक्षकाने साडूचा क्रमांक फिरवायला घेतला आणि अर्ध्यावर थांबला. तो आता काय सांगणार होता? की साक्षीदार सापडला? आणि तो इतके दिवस कुठे होता, असे विचारले तर? त्याने दूरध्वनी खाली ठेवला आणि चकत्यांची डबी उघडली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बाई नकाशापुढे थबकल्या. डोंगरातल्या गावाच्या मोठ्या लाल चकतीला खेटून मसुराच्या दाण्याएवढी एक लाल टिकली होती.

"हे काय? एवढासा धक्का? तुमच्याच नियमात बसत नाही हो."

"बसतो. जोरानं नाही बसत. पण एक जीव गेला आहे."

"नोंद पक्की आहे?"

"तीन केंद्रं आहेत."

बाईंनी खांदे उडवले. या माणसाशी नियमावरून वाद घालण्यात अर्थ नसतो, हे वेधशाळेत सर्वांना माहीत होते.

सभागृह भरले. बायको आणि मेहुणी मधल्या रांगेत होत्या. मुलगीही आली होती, आईने आणली म्हणून, आणि तिने शेजारची खुर्ची पिशवी ठेवून अडवली होती. साडू सर्वांच्या मागून आला आणि दारालगतच्या खुर्चीवर बसला. दाराचे एक पान त्याने पायाने उघडे धरले होते. त्याचा चेहरा उतरला होता. तो उतरलेला चेहरा पाहून निरीक्षकाला पूर्वी जे समाधान वाटले असते ते आताही, अगदी पुसट का होईना, वाटले. त्याने छडी उचलली.

त्याने वर्ष आरंभापासून सांगितले. समुद्रतळ, मग डोंगर. मोठ्या चकतीविषयी तो जे बोलला ते सर्वांना ठाऊक होते. मग छडीचे टोक टिकलीवर आले.

"हा धक्का इतका लहान आहे, की आमच्या यंत्रांनाही तो सहज दिसला नाही," तो म्हणाला. "त्या दुपारी तिथे काम चालू होतं. ज्याचे पाय जमिनीवर घट्ट होते अशा एका माणसाला तो कळला. त्याने आपली माणसं वेळेवर बाहेर काढली. आत जी बाई होती ती या धक्क्यात गेली. आता तीन केंद्रांची साक्ष आहे. जमीन हलली होती." तो थांबला. पुढचे वाक्य त्याने लिहून आणले नव्हते. "ही साक्ष पूर्वीच मिळू शकली असती. आम्ही ती मागवली नाही."

श्रोत्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. कोणी खोकले. पण मुलगी हनुवटी वर करून व्यासपीठाकडे पाहत होती. छडीकडे नव्हे, वडिलांकडे. असे तिने किती वर्षांनी पाहिले असेल ते निरीक्षकाला सांगता आले नसते. त्याची नोंद कुणीच ठेवली नव्हती.

तेवढ्यात मागे दाराचे पान मिटल्याचा आवाज झाला. साडू उठला होता. तो निघून गेला असे निरीक्षकाला क्षणभर वाटले. पण तो रांगांमधून आत येत होता, हळूहळू, प्रत्येक खुर्चीच्या पाठीला हात लावीत. छताच्या बरोबर मध्याखाली तो थांबला. मुलीने झटकन पिशवी उचलली. तो तिच्या शेजारी बसला, दोन्ही पाय फरशीवर टेकवून, आणि त्याने डोळे मिटले.

मुलीने व्यासपीठाकडची मान वळवली आणि काकाचा हात हातात घेतला. मग ती त्याच्याचकडे पाहत राहिली.

निरीक्षकाने छडी बेटाकडे नेली. ती तसूभर उजवीकडे टेकली होती. पण त्याने ती तशीच राहू दिली.