आधी वर्ग, मग सरासरी

माझं डोकं लवकर तापतं हे मला मान्य आहे. पण तीन वर्षांच्या कामाची गोळाबेरीज म्हणून पडद्यावर एक सपाट रेघ आली, तर कोण शांत राहील? मी पेन फेकून मारलं. तेही नेम चुकून डस्टबिनमध्ये पडलं.

माझं काम असं: काँक्रीटच्या भिंतीत अतिशय बारीक कंपनांची लाट सोडायची आणि पलीकडे काय पोचेल ते गणितानं सांगायचं, म्हणजे आतली भेग भिंत न फोडता सापडते. गंमत अशी की आत खडी कुठे कशी बसलीय हे देवालाही ठाऊक नसतं. म्हणून मी दर वेळी खडी वेगळी पसरून कॉम्प्युटरमध्येच दहा हजार भिंती बांधल्या, प्रत्येकीत लाट सोडली आणि शेवटी सरासरी काढली. उत्तर शून्य. म्हणजे पलीकडे काही पोचतच नाही म्हणे! माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तर स्पष्टच सांगितलं होतं, चार वाजेपर्यंत काही दिसलं नाही तर हा विषय सोडायचा. तीन वर्षं पाण्यात.

दुपारी तणतणत बाबांच्या दुकानात गेले. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. लांबलचक फळीवर लंबकाची तेवीस घड्याळं ओळीनं उभी असतात. हल्ली बाबांना कमी ऐकू येतं, टिकटिक तर अजिबात नाही. म्हणून मी त्यांच्या कानाशी ओरडून माझं रडगाणं गायलं, की सगळ्या लाटांची सरासरी शून्य, खेळ खलास.

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"मग माझ्या लंबकांचीही सरासरी काढ की. एक डावीकडे, एक उजवीकडे. उत्तर येईल, लंबक मधोमध उभा. म्हणून काय माझी घड्याळं बंद पडली?"

आता हे बाबा मला शिकवणार! मी म्हटलं, अहो, तेवढं कळतं आम्हाला, म्हणून तर आम्ही वर्ग करतो, आकड्याला त्याच आकड्यानं गुणतो, म्हणजे वजा-बिजा काही उरतच नाही. त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी माझा हात धरून फळीवर टेकवला. फळी थरथरत होती. कान गेल्यापासून ते असंच तपासतात, घड्याळावर तळहात ठेवतात, "चालू आहे" म्हणतात आणि पुढच्याकडे वळतात.

हात फळीवर, तोंड उघडं, आणि मी तशीच उभी. वर्ग करतो खरं. पण मी तो कधी केलाय? सरासरीच्या आधी की नंतर?

मी लॅबकडे अशी धूम ठोकली की चप्पल दुकानातच राहिली.

नंतर! प्रोग्रॅममधल्या दोन ओळी उलट्या. मी आधी सगळ्या लाटा एकमेकींत जिरवून शून्य केलं होतं आणि मग त्या शून्याचा इमानेइतबारे वर्ग केला होता. ओळी अदलाबदल केल्या. पडद्यावर टेकडी उभी राहिली. तिच्या भोवती पट्टा, दहा हजारांतल्या साडेनऊ हजार भिंती त्याच्या आत. भिंतीत भेग घातली की टेकडी सरळ पट्ट्याबाहेर, म्हणजे भेग सापडली! मी खुर्चीसकट गरगर फिरले आणि कपाटावर आदळले.

चारला पाच कमी असताना अनवाणीच मॅडमकडे गेले. त्यांनी विचारलं काय बदललंस, मी सांगितलं. मॅडम मग कपाळाला हात लावून हसायला लागल्या, कारण त्या दोन ओळी त्यांनी स्वतः दोनदा तपासल्या होत्या.

"विषय तुझाच," त्या म्हणाल्या. "आता घरी जा. आणि पायात काहीतरी घाल."

बाबांना फोन करून उपयोग नाही, त्यांना ऐकू येत नाही. म्हणून पुन्हा पळत दुकानात. सांगायला गेले तर हसूच आवरेना, शब्दच फुटेना. बाबा बघत राहिले. मग उठून त्यांनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला. मी हसून हसून नुसती थरथरत होते.

"चालू आहे," बाबा म्हणाले आणि पुढच्या घड्याळाकडे वळले.