सरणाचा धावडा

ईट गावाजवळच्या टेकडीवर देवीच्या रानात अनंतभट पुजारी एकटेच राहत. त्या रानाचा दंडक असा, की ओल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. वाळलेले एक झाड मात्र पुजाऱ्याने स्वतःच्या सरणासाठी राखावे. पत्नी निवर्तल्यावर अनंतभटांनी एक वाळका धावडा राखला होता. मागे रडणारे कोणी नव्हते. निदान लाकूड तरी आपले असावे, एवढीच त्यांची आस होती.

निजामी सरली आणि गावाला शाळा मिळाली. छपराला तुळया हव्यात म्हणून ऐन उन्हाळ्यात महारुद्र पाटील कुऱ्हाडवाले घेऊन वर आले आणि अंजनाच्या एका उंच, हिरव्या झाडापाशी थांबले.

"भटजी, पोरं उन्हात भाजत्यात. एका झाडानं देवीला काय कमी पडणार हाय?"

अनंतभटांनी वर बोट दाखविले. ढोलीचे तोंड लिंपलेले होते. आत धनेश पक्ष्याची मादी अंड्यांवर कोंडून बसली होती आणि नर फटीतून तिला उंबर भरवीत होता. रोज सकाळी तेवढाच एक संसार ते पाहत असत.

"हे नको. माझा धावडा न्या."

"अन् तुमाला कशात जाळावं मग? तुराट्यात?" पाटील हसले, पण पुजाऱ्यांचा चेहरा पाहून त्यांनी कुऱ्हाडवाल्यांना हातानेच थांबविले.

"तोवर दुसरं एखादं आपणहून वाळेल."

संध्याकाळी धावड्याच्या जागी नुसते आकाश उरले होते. नर फळ घेऊन परतला, तशी फटीतून चोच पुढे आली. अनंतभटांनी हात जोडले आणि एकट्यापुरते तांदूळ धुवायला ते वळले.