खिडकीवरचा खोटा आळ

२००९ साली सर्बियातल्या पिरोट गावच्या बालवाडीत माझ्यावर खोटा आळ आला. मी एक जुनी खिडकी आहे. मित्रांनो, बोगोल्युब सुताराने माझी चौकट ओकच्या लाकडात घडवली आणि तीस वर्षे मुलांनी माझ्या काचेला नाक लावून बर्फ पाहिला. लाडाचे दिवस होते ते!

त्या वसंतात चार वर्षांचा वुकान हाकेला ओ देईनासा झाला.

"वारं लागलं कानाला!" थोरल्या शिक्षिका स्लावोयका म्हणाल्या. "ही खिडकी आणि समोरचं दार एकदम उघडता, मग दुसरं काय होणार?"

आमच्या गावात सगळ्या दुखण्यांचे मूळ हेच.

"ताई, खात्री आहे?" नवी शिक्षिका रुझित्सा हिने भीत भीत विचारले.

"अगं, कॉम्प्युटर मला चांगला येतो. आत्ता दाखवते."

त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. त्यांच्या खांद्यावरून मी वाचत होते. त्यांनी लिहिले, 'खिडकीच्या वाऱ्याने कान बधिर होणे.' असे विचारल्यावर दुसरे काय येणार? कानटोप्या विकणारे, कुणाकुणाच्या मावश्यांचे अनुभव!

"बघ, जगभर हेच लिहिलंय!"

दुपारी मला खिळे ठोकले. वुकानच्या कानांत कापूस कोंबला. पोर आणखीच गप्प झाले.

रुझित्साला संगणकाची धास्ती. पण दुसऱ्या दिवशी तिने वारा, खिडकी काही न लिहिता दिसले तेवढेच लिहिले, 'चार वर्षांचे मूल हाकेला उत्तर देत नाही.' टोपीवाल्याचे पान आले. "विकणाऱ्याला काय विचारायचं?" पुटपुटत ती यादीत खाली सरकली. मुलांच्या रुग्णालयाने लिहिले होते, कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेले असू शकते, लवकर तपासा. दुसऱ्या रुग्णालयाचे पानही तेच सांगत होते. तिने वुकानच्या आईला फोन केला.

"अहो, मोठ्या बाई तर वारा म्हणाल्या!"

"म्हणू देत. तुम्ही आजच कान दाखवा."

पाणीच निघाले. आणखी उशीर झाला असता तर कान कायमचे अधू झाले असते, असे डॉक्टर म्हणाले.

वुकान आता निश शहरात शिकतो आणि त्याचे तोंड मिटत नाही. रुझित्सा मुख्य शिक्षिका झाली. नव्या बाईंना संगणकावर माहिती कशी शोधायची, ते ती शेजारी बसून शिकवते. स्लावोयका निवृत्त झाल्या. त्या अजून म्हणतात, "पाणी तरी कशानं साचलं? वाऱ्यानंच!" मला काढून प्लास्टिकची खिडकी बसवली. मी कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी आहे. माझी माफी कुणी मागितली नाही.

मित्रांनो, शोधताना काय झाले आहे ते लिहा. कुणामुळे झाले, ते आधीच ठरवू नका. त्या एका घाईत पोराचे कान जाणार होते.